राज्यसत्तेने कोठे थांबावे?

(बौद्ध उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता आपल्या जीवनापासून दूरचा वाटेल. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत जे विचारवंत होऊन गेले आणि ज्यांच्या विचारसरणीला पुढे अभिजात उदारमतवाद हे नाव पडले, त्यांनी व्यक्तीच्या स्वातंत्र्याविषयी आणि राज्यसत्तेच्या मर्यादेविषयी काय सांगितले, ते मी आपणांपुढे मांडणार आहे. ज्या कुटुंबाने अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे, ज्याच्या घरी मुलांच्या शिक्षणाची आणि दाखल्यावरील नोंदीची चिंता अद्याप मिटलेली नाही, त्याने या परदेशी पंडितांची चर्चा कशासाठी ऐकावी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो रास्तच आहे.

त्याचे उत्तर मी आरंभीच देतो. धर्मांतर माणूस आपल्या मनाच्या बळावर करतो. परंतु ते त्याला निर्भयपणे करता येईल की नाही, हे राज्यसत्ता आणि समाज त्याच्या मनाभोवती कोणती मर्यादा पाळतात यावर अवलंबून असते. ही मर्यादा आकाशातून पडलेली नाही. ती माणसांनी तुरुंगात बसून, उपाशी राहून, ग्रंथ लिहून आणि कायदे करून आखली आहे. ज्याला ही मर्यादा कोणी, कशी आणि कोठवर आखली हे ठाऊक नसते, त्याला ती पुसली जात असतानाही कळत नाही.

राज्यशास्त्रात दोन मोठे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न, राज्य कोणी करावे? दुसरा प्रश्न, जो कोणी राज्य करील त्याने ते कोठवर करावे? पहिला प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो. दुसरा फार थोडे लोक विचारतात. चांगला राजा मिळाला, आपल्या पक्षाचे सरकार आले, आपला माणूस मंत्री झाला, की काम झाले असे आपणांस वाटते. उदारमतवादी विचारवंतांचे म्हणणे असे की, राज्य चांगल्या माणसाच्या हाती असो वा वाईट माणसाच्या, त्याला ओलांडता येणार नाही अशी एक रेषा असली पाहिजे. त्या रेषेच्या आत माणसाचे शरीर, त्याचे श्रम, त्याची मिळकत आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी असते. तेथे राजाचा हुकूम चालत नाही.

हा विचार कसा जन्मला हे समजण्यासाठी मी आपणांस एका टोपीची गोष्ट सांगतो. ती कल्पित नाही. सन १६७० मध्ये लंडन शहरातील ओल्ड बेली या न्यायालयात ती घडली.

त्या काळी इंग्लंडमध्ये राजाचा जो धर्मपंथ तोच सर्वांचा पंथ असावा, असा कायद्याचा आग्रह होता. इतर पंथांच्या लोकांनी घरातील माणसांखेरीज पाच किंवा अधिक जण जमवून उपासना करणे हा गुन्हा होता. क्वेकर नावाचा एक छोटा पंथ होता. परमेश्वरापुढे सर्व माणसे सारखी, म्हणून कोणाही माणसापुढे टोपी काढावयाची नाही, हा त्यांचा नियम होता. इंग्रजीत त्या काळी बरोबरीच्या किंवा खालच्या माणसाला ‘तू’ म्हणत आणि मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणत. क्वेकर लोक न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणत आणि भिकाऱ्यालाही ‘तू’ म्हणत. ज्यांच्या वाडवडिलांना पाटलाच्या वाड्यापुढे वाकून जोहार घालावा लागला, ज्यांना लहान पोरानेही अरे-तुरे करावे आणि त्यांनी मात्र ‘जी’ म्हणावे अशी रीत होती, त्यांना या टोपीचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

क्वेकरांचे उपासनागृह शिपायांनी बंद केले, तेव्हा विल्यम पेन नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने बाहेर ग्रेसचर्च रस्त्यावर उभे राहून प्रवचन केले. तो आरमाराच्या एका बड्या सरदाराचा मुलगा होता. त्याच्यावर आणि विल्यम मीड या त्याच्या सोबत्यावर बेकायदा व दंगलखोर जमाव जमविल्याचा खटला भरण्यात आला. न्यायालयात येताना शिपायांनी दोघांच्या टोप्या काढून घेतल्या होत्या. न्यायासनाने त्या टोप्या पुन्हा त्यांच्या डोक्यावर घालावयास लावल्या आणि लगेच, टोपी काढत नाहीत म्हणून, दोघांना दंड ठोठावला! सत्तेला मर्यादा नसली म्हणजे ती अपराध शोधीत बसत नाही, ती अपराध तयार करते.

खटल्याचा निर्णय बारा सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने द्यावयाचा होता. त्यांनी निर्णय दिला की, पेन हा ग्रेसचर्च रस्त्यावर बोलला एवढाच त्याचा दोष. रस्त्यावर बोलणे हा काही गुन्हा नव्हे, म्हणून न्यायासन संतापले. त्याला पाहिजे तो निकाल मिळेपर्यंत ज्यूरीला अन्न, पाणी व शेकोटी न देता कोंडून ठेवण्याचा हुकूम झाला. त्या लोकांनी दोन रात्री उपाशी काढल्या आणि शेवटी आरोपींना साफ निर्दोषी ठरविले. तेव्हा त्यांनाच दंड झाला आणि तो भरीपर्यंत त्यांची तुरुंगात रवानगी झाली. एडवर्ड बुशेल नावाच्या एका ज्यूररने दंड भरण्याचे नाकारले आणि वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली. मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी निर्णय दिला की, ज्यूरीने आपल्या बुद्धीला पटलेला निकाल दिला म्हणून तिला शिक्षा करता येणार नाही. त्या ज्यूरीच्या स्मरणार्थ लावलेली शिला आजही ओल्ड बेलीत आहे.

या गोष्टीतील बोध नीट ध्यानात घ्यावा. पेनला राजाच्या दयेने वाचविले नाही. बारा सामान्य माणसांनी आणि एका न्यायतत्त्वाने त्याला वाचविले. मर्यादित राज्यसत्ता याचा अर्थ दुबळे सरकार असा नव्हे. ज्या सरकारला ‘येथून पुढे नाही’ असे सांगणारी संस्था अस्तित्वात आहे आणि ते सांगण्याचे धैर्य असलेली माणसे त्या संस्थेत आहेत, ते सरकार मर्यादित होय.

आता ज्याने या अनुभवांतून तत्त्वज्ञान उभे केले त्या जॉन लॉक याच्याकडे वळू. त्याचा जन्म १६३२ सालचा. त्याचे वडील राजाविरुद्ध पार्लमेंटच्या सैन्यात लढले होते. लॉक शाळेत असतानाच, १६४९ साली, इंग्लंडच्या राजाला न्यायालयाच्या निकालाने देहान्त शासन झाले. पुढे स्वतः लॉकला १६८३ साली जीव वाचविण्यासाठी हॉलंडमध्ये पळून जावे लागले. तेथे असताना त्याने पाहिले की, फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ साली प्रॉटेस्टंट प्रजेला १५९८ पासून असलेली धर्मस्वातंत्र्याची सनद एका हुकुमाने रद्द केली आणि हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. राजाने दिलेले स्वातंत्र्य राजा परत घेऊ शकतो. म्हणून जे स्वातंत्र्य राजाने दिलेलेच नाही, जे माणूस म्हणूनच माणसापाशी आहे, त्यावरच पाया घातला पाहिजे, हा लॉकच्या विचाराचा गाभा आहे.

१६८९ साली त्याचे सहिष्णुतेवरील पत्र आणि राज्यशासनावरील दोन निबंध प्रसिद्ध झाले. निबंधांवर त्याने आपले नाव घातले नाही. १७०४ साली मृत्यूपूर्वी मृत्युपत्राच्या पुरवणीत मात्र ते आपले असल्याचे त्याने मान्य केले. इतके ते विचार त्या काळी धोक्याचे होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. कोणी माणूस दुसऱ्यावर राज्य करण्याचा हक्क आईच्या पोटातून घेऊन येत नाही. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांचे रक्षण व्हावे म्हणून माणसे संमतीने राज्यसंस्था निर्माण करतात. म्हणजे राज्यसत्ता ही ठेव आहे. ठेव सांभाळणाऱ्याने ती गिळंकृत केली तर ठेवीदाराला ती परत घेण्याचा अधिकार आहे. राज्य ठरलेल्या आणि जाहीर केलेल्या कायद्यांनी चालावे, राजाच्या लहरीने नव्हे. प्रजेच्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून कर घेऊ नये. त्याच १६८९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हक्कांचा जो कायदा केला त्यात, राजाने पार्लमेंटच्या संमतीवाचून कायदा तहकूब करू नये, कर बसवू नये आणि शांततेच्या काळात खडे सैन्य बाळगू नये, असे स्पष्ट लिहून घेतले.

धर्माविषयी लॉकचा युक्तिवाद आपणांस विशेष उपयोगाचा आहे. तो म्हणतो, राज्यसत्तेच्या हातातील हत्यार कोणते? दंड, तुरुंग आणि तलवार. या हत्यारांनी माणसाचा हात बांधता येतो, त्याची जीभ बंद करता येते. परंतु त्याचे मन वळविता येत नाही. विश्वास हा आतून उमलतो, बाहेरून ठोकून बसविता येत नाही. म्हणून सक्तीने धर्मनिष्ठा उत्पन्न होत नाही, ढोंग मात्र उत्पन्न होते. लॉक याहीपुढे जाऊन सांगतो की, धर्मसंस्था ही स्वेच्छेने एकत्र आलेल्या माणसांची संस्था आहे. कोणीही जन्मतः कोणत्याही धर्मसंस्थेचा सभासद नसतो. बापाचे शेत मुलाला वारशाने मिळते, तसा धर्म वारशाने मिळत नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, या एका विचाराचे महत्त्व आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? ज्या समाजव्यवस्थेत माणसाचा धर्म, धंदा, वस्ती आणि पाणवठा ही सर्व जन्माने ठरत होती, तिच्या मुळावर हा घाव आहे.

परंतु लॉकचे गुण सांगताना त्याचे दोष झाकणे हे बुद्धाच्या अनुयायांना शोभणार नाही. कोणताही उपदेश, तो थोर माणसाने केला म्हणून नव्हे, तर तपासून पाहून घ्यावा, ही आपली शिकवण आहे. लॉकने सहिष्णुतेतून नास्तिकांना वगळले आणि परक्या धर्मसत्तेला निष्ठा वाहणाऱ्यांनाही वगळले. अमेरिकेतील कॅरोलिना वसाहतीसाठी १६६९ साली जी घटना तयार झाली, तिच्या मसुद्याच्या कामात वसाहतीच्या मालकांचा चिटणीस म्हणून त्याचा हात होता. त्या घटनेत स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामावर पूर्ण सत्ता दिलेली होती. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकने पैसेही गुंतविले होते. टोपी न काढणाऱ्या पेनने पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसाहत स्थापिली, तेव्हा त्यानेही गुलाम बाळगले. माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत असे सांगणाऱ्यांच्या ‘माणसे’ या शब्दात सर्व माणसे नव्हती!

मग काय त्यांचा विचार फेकून द्यावा? माझे उत्तर, नाही. त्यांनी एक गज तयार केला. त्या गजाने त्यांनी राजाला मोजले, स्वतःला मोजले नाही. पुढच्या पिढ्यांनी तोच गज हाती घेऊन त्यांना मोजले आणि कुंपणाबाहेर ठेवलेल्यांना एकामागून एक आत आणले. इंग्लंडमध्ये सरकारी अधिकारपद हवे असेल तर राजाच्या पंथाचा संस्कार घेतला पाहिजे, असा कायदा १६७३ सालचा. तो १८२८ साली रद्द झाला. कॅथॉलिकांना १८२९ साली आणि ज्यूंना १८५८ साली पार्लमेंटचे दार उघडले. ब्रॅडलॉ हा नास्तिक १८८० साली निवडून आला, पण धर्माच्या शपथेच्या वादात त्याला आपल्या जागेवर निर्वेधपणे बसावयास १८८६ साल उजाडावे लागले. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्या आणि पदे यांच्यावरील धर्माची बहुतेक बंधने १८७१ साली उठली. याचा अर्थ असा की, लॉकच्या पत्रानंतर सुमारे दोनशे वर्षे लढा चालू राहिला.

येथे एक गोष्ट सूक्ष्मपणे पाहावी. १६७३ च्या कायद्याने कोणाला तुरुंगात टाकले नाही. तो एवढेच म्हणत होता की, तुमचा धर्म तुम्ही खुशाल पाळा, फक्त नोकरी मिळणार नाही. सदसद्विवेकाला शिक्षा करण्याची ही दुसरी, सभ्य दिसणारी रीत आहे. ती आपल्या परिचयाची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरत्या, आणि पंजाबातील काही शीख जातींपुरत्या, ठेवल्या. १९५६ साली शिखांना सर्वत्र त्या मिळाल्या. बौद्धांना त्या केंद्राच्या कायद्याने मिळण्यास १९९० साल उजाडले. धम्मदीक्षा घेतल्याने कोणाची विहीर बदलली नाही, वस्ती बदलली नाही, गावाची वागणूक बदलली नाही. तरी चौतीस वर्षे आपल्या मुलांना सदसद्विवेकाची किंमत मोजावी लागली. कित्येक घरांनी दाखल्यावर एक धर्म आणि अंतःकरणात दुसरा, असे दुहेरी जिणे काढले. सक्तीने निष्ठा नव्हे तर ढोंग उत्पन्न होते, हे लॉकचे म्हणणे आपल्या घरांत खरे झाले.

आता दुसऱ्या विचारवंताकडे येतो. त्याचे नाव जॉन स्टुअर्ट मिल. १८०६ साली जन्मलेला हा पुरुष १८२३ पासून १८५८ पर्यंत लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरीस होता. १८५९ साली त्याचा स्वातंत्र्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मिलच्या काळापर्यंत इंग्लंडच्या राजाची मनमानी संपली होती. तेव्हा मिलने विचारले, राजा गेला, म्हणून जुलूम गेला काय? आणि त्याने उत्तर दिले की, नाही. समाज हाही जुलमी असू शकतो. बहुमत, रूढी आणि लोकापवाद यांचा जुलूम सरकारच्या जुलमापेक्षा अधिक खोल जातो. कारण सरकारचा शिपाई दारापर्यंत येतो, रूढी मात्र स्वयंपाकघरापर्यंत आणि मनापर्यंत पोहोचते. तिच्यापासून पळून जावयास जागा नसते.

मिलने मर्यादेचे एक सोपे सूत्र दिले. एखाद्या प्रौढ माणसाच्या वर्तनात सरकारने किंवा समाजाने बळाने हात घालावा काय? घालावा, पण केव्हा? त्याच्या वर्तनाने दुसऱ्याला इजा होत असेल तेव्हाच. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी त्याला समजावावे, विनवावे, त्याच्याशी वाद घालावा. सक्ती करू नये. या सूत्रातून त्याने आणखी एक मार्मिक निष्कर्ष काढला. माणसाला स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य नाही, कारण त्या विक्रीने स्वातंत्र्यच नष्ट होते. ‘आम्ही आमच्या खुशीने खालच्या पायरीवर बसतो’ असे जे कोणी आजही म्हणत असतील, त्यांना मिलचे हे उत्तर आहे.

मिलचेही माप घेतले पाहिजे. आपले सूत्र मागासलेल्या समाजांना लागू नाही, त्यांच्यावर सुधारणेसाठी एकतंत्री राज्य चालले तरी हरकत नाही, असे त्याने लिहिले. हिंदुस्थानच्या कारभाराच्या कचेरीत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाचे हे मत होते! मात्र दुसऱ्या एका बाबतीत त्याने आपला गज आपल्याच देशबांधवांवर चालविला. १८६७ साली मताधिकाराचे विधेयक पार्लमेंटपुढे असताना त्याने सुचविले की, त्यातील ‘पुरुष’ हा शब्द काढून ‘व्यक्ती’ हा शब्द घालावा. या एका शब्दाच्या बदलाने स्त्रियांना मत मिळाले असते. सूचनेच्या बाजूने ७३ मते पडली, विरुद्ध १९६. सूचना हरली. इंग्लंडमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळावयास १९२८ साल उजाडले. भारताच्या संविधानाने ते पहिल्याच दिवशी, सर्व जातींच्या सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना दिले.

येथवर मी दोन सत्तांची गोष्ट सांगितली. एक राज्याची सत्ता, दुसरी समाजाची सत्ता. आता कळीचा प्रश्न असा की, राज्याला मर्यादा घातली म्हणजे व्यक्ती स्वतंत्र झाली काय? पुष्कळ उदारमतवाद्यांना तसे वाटले. सरकार जितके कमी, तितके स्वातंत्र्य अधिक, असा त्यांचा हिशेब. आपला अनुभव या हिशेबाशी जुळत नाही. मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. सरकारने वाट अडविली नव्हती. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत येण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयातील भांडण १९३७ साली उच्च न्यायालयाच्या निकालाने संपले. तळ्यावर पहारा राजाचा नव्हता, समाजाचा होता. अशा ठिकाणी सरकार हात बांधून बसले, तर त्याला मर्यादित सरकार म्हणावयाचे की जुलमाचा भागीदार?

हीच गोष्ट भाकरीची. १८३३ आणि १८४७ साली इंग्लंडमध्ये गिरण्यांतील मुलांचे आणि स्त्रियांचे कामाचे तास कायद्याने कमी करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा काही उदारमतवाद्यांनी स्वातंत्र्याच्या नावानेच त्याला विरोध केला. बाबासाहेबांनी १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात याचे उत्तर आहे. राज्य बाजूला झाले म्हणजे उपाशी मजूर स्वतंत्र होत नाही, तो मालकाच्या सत्तेखाली जातो. म्हणून राज्याची मर्यादा आणि बलिष्ठांची मर्यादा या दोन्ही संविधानातच लिहिल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

आपले संविधान या दृष्टीने वाचावे. १३ वा अनुच्छेद म्हणतो की, मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत आहे. ३२ वा अनुच्छेद हक्कभंगाबद्दल थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार देतो. ही राज्याला घातलेली रेषा. आता १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम पाहा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते यांबाबत कोणाही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून मज्जाव करता येणार नाही. १७ वा अनुच्छेद अस्पृश्यता नष्ट करतो आणि तिचे आचरण गुन्हा ठरवितो. ही समाजाला घातलेली रेषा. लॉकने पहिली रेषा आखली. दुसरीची गरज मिलला दिसली. आपल्या संविधानाने दोन्ही रेषा एका ग्रंथात आणल्या. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, या घटनेचा घटक गाव नव्हे, व्यक्ती आहे. त्या वाक्यामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

ही चर्चा जुनी झाली असे कोणी समजू नये. सक्तीने वा फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतराला आळा घालण्यासाठी म्हणून काही राज्यांनी कायदे केले आहेत. ओरिसा व मध्य प्रदेश यांचे असे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली वैध ठरविले. गुजरातमध्ये २००३ च्या कायद्याखाली, हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाण्यासाठीही जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, असे तेथील शासनाने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रकाने कळविले. बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म आहे, हे त्यात मान्य झाले ते योग्यच झाले. पण परवानगीचे काय? सक्ती करणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात लॉक आणि मिल दोघांचेही दुमत नसते, कारण सक्ती ही दुसऱ्याला केलेली इजा आहे. परंतु जो प्रौढ माणूस आपल्या बुद्धीने निर्णय घेतो, त्याने तो निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर मंजुरीसाठी का ठेवावा? परवानगी देणाऱ्याला ती नाकारताही येते. ज्या दिवशी मनातील निश्चय मंजूर वा नामंजूर होऊ लागतो, त्या दिवशी राज्यसत्ता रेषेच्या आत आलेली असते. हा प्रश्न दंगा करून सुटणारा नाही. तो न्यायालयात, विधिमंडळात आणि सभांतून, बुशेलच्या चिकाटीने मांडला पाहिजे.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपण राज्यावर रेषा मागतो, समाजावर रेषा मागतो. आपल्या घराचे काय? लॉक म्हणतो, धर्म वारशाने येत नाही. मग तो कुटुंबप्रमुखाच्या हुकुमानेही येत नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आठवा. त्या ‘आम्ही’ म्हणून नाहीत, ‘मी’ म्हणून आहेत. नवरा बोलला म्हणून बायकोची प्रतिज्ञा झाली, असे होत नाही. तिने स्वतः समजून स्वतःच्या तोंडाने ‘मी’ म्हटले पाहिजे. म्हातारी आई देव्हाऱ्यातील मूर्ती काढावयास कबूल नसेल, तर तिला समजवावे. पुन्हा समजवावे, तिच्या शेजारी बसून वंदना म्हणावी. तिच्या हातून मूर्ती हिसकावू नये. हिसकावून घेतलेला देव मनात अधिक घट्ट बसतो, आणि हिसकावणारा मुलगा ओल्ड बेलीतल्या त्या न्यायासनाच्या रांगेत जाऊन बसतो.

तसेच मुलींचे. शिक्षण कोठवर घ्यावे, लग्न कोणाशी करावे, हे ठरविताना आपल्या वस्तीतील पंच मंडळी जुन्या जातपंचायतीची गादी नव्या नावाने चालवीत नाहीत ना, हे तपासावे. जुन्या समाजाने आपणांस वाळीत टाकले, त्याचे दुःख आपण जाणतो. मतभेद झाला म्हणून आपल्यातीलच एखाद्या कुटुंबाला आपण वाळीत टाकू लागलो, तर मिलने सांगितलेला दुसरा जुलमी राजा आपणच होऊ. आणि मुलांना शाळेत घालणे ही मात्र ऐच्छिक बाब समजू नये. प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालेच पाहिजे हे राज्याने बंधनकारक करावे, असे स्वातंत्र्याचा एवढा कैवार घेणाऱ्या मिलनेच लिहिले आहे. मूल हे बापाची मालमत्ता नव्हे. त्याला अडाणी ठेवणे ही त्याला केलेली इजा आहे.

पुढाऱ्यांविषयीही एक शब्द. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी याच मिलचे नाव घेऊन देशाला इशारा दिला होता. कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायांशी वाहू नये, आणि संस्था उलथून टाकता येतील इतकी सत्ता कोणाच्याही स्वाधीन करू नये, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. कृतज्ञता अवश्य असावी, पण तिला स्वाभिमानाची मर्यादा असावी. ज्यांच्याविषयी आपली कृतज्ञता अपार आहे त्यांनीच हे सांगून ठेवले आहे. मग आजच्या लहानमोठ्या पुढाऱ्यांना प्रश्न विचारताना आपण संकोच का करावा?

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. आज घरी गेल्यावर संविधानाची प्रत काढा. नसेल तर आणा. १३, १५, १७, २५ आणि ३२ हे पाच अनुच्छेद घरातील सर्वांनी मिळून वाचा. वाचण्याचे काम घरातील मुलीकडे द्या. आजीला अर्थ समजला नाही तर थांबा आणि समजावून सांगा. तिला पटले नाही तर तिचे म्हणणे ऐकून घ्या. राज्यसत्तेने कोठे थांबावे, हे ज्या घरातील माणसांना ठाऊक आहे आणि आपण स्वतः कोठे थांबावे हेही ज्यांना ठाऊक आहे, त्या घरातील धम्म कोणत्याही हुकुमाने हिरावून घेता येणार नाही.



जय भीम!